लेकीच्या शाळेचे गाव : ग्वांगझू

चीनच्या दक्षिण भागात, पर्ल नदीच्या मुखापासून जवळच ग्वांगझू हे महानगर वसले आहे. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव कँटन असे आढळते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमची धाकटी मुलगी तेथील एका खासगी द्विभाषिक शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाली. बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी अशी बातमी लपून राहत नाही. भेटेल तो दोन प्रश्न विचारी. मुलगी एकटी राहणार कशी, हा पहिला. आणि ती तेथे खाणार काय, हा दुसरा. स्थानकात भेटणाऱ्या ज्येष्ठ श्रावकांचा भर अर्थातच दुसऱ्या प्रश्नावर असे. चीन म्हटले की जे पदार्थ डोळ्यांपुढे येतात, त्यांची नावेही आपल्या घरांत घेतली जात नाहीत.

यंदा जानेवारीच्या अखेरीस मी आणि सौ. तिच्याकडे गेलो आणि पाच आठवडे राहून आलो. समाजातील कितीतरी घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दूरदेशी जात आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या मनातही हेच दोन प्रश्न असतात. म्हणून त्या पाच आठवड्यांत जे पाहिले आणि मुलीच्या पहिल्या सहा महिन्यांविषयी तिच्याकडून जे समजले, ते येथे मांडत आहे.

जालना जिल्ह्याएवढे शहर

बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणतीही गोष्ट आकड्यांत मांडल्याखेरीज मला नीट उमगत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. ग्वांगझू या एका शहराची लोकसंख्या चीनच्या २०२० च्या जनगणनेत जवळजवळ तेवढीच भरली. त्या शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर आहे आणि आपल्या जालना जिल्ह्याचे सुमारे ७,७००. म्हणजे नांदेड-लातूरपासून बीड-धाराशिवपर्यंतचा सारा मराठवाडा उचलून एका जालना जिल्ह्यात वसवावा, असा हा प्रकार आहे. त्यातही शहराच्या उत्तरेचा बराच भाग डोंगर आणि जंगलाचा असल्याने प्रत्यक्ष वस्तीची दाटी त्याहून अधिक आहे.

पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझू ही थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली होती. रात्री निघालेले विमान पहाटे तेथे पोहोचले. एवढ्या माणसांच्या शहरात शिरताना कानांवर गोंगाट आदळेल अशी मनाची तयारी केली होती. परंतु पहिला अनुभव आला तो शांततेचा. बहुतेक बसगाड्या आणि दुचाक्या विजेवर चालणाऱ्या, हॉर्न क्वचितच वाजणारा. चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारतींच्या रांगांमधून सकाळची माणसे भुयारी मेट्रोच्या जिन्यांकडे निमूटपणे चालली होती. येथील मेट्रो १९९७ मध्ये सुरू झाली आणि आज ती शहराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली आहे. नदीकाठी ६०० मीटर उंचीचा कँटन टॉवर उभा आहे. सौ.ने मान वर करून तो पाहिला आणि खाली पाहून म्हणाली, "हिची शाळा किती लांब आहे ते आधी सांगा." आईच्या लेखी शहराचे मोजमाप तेवढेच होते.

दुसरी गोष्ट जाणवली ती म्हणजे एका रात्रीत आपण निरक्षर झालो आहोत. परप्रांतात गेल्यावर कानडी किंवा तेलुगू पाट्या वाचता आल्या नाहीत तरी खाली इंग्रजी असते, अंक ओळखीचे असतात. येथे औषधाचे दुकान कोणते आणि खानावळ कोणती, हे काचेतून आत डोकावल्याशिवाय कळत नव्हते. एकसष्टी ओलांडलेल्या मला मुलीचा हात धरून रस्ता ओलांडावा लागला. तिच्या लहानपणी जालन्याच्या बाजारात मी तिचा हात धरीत असे.

शिक्षिका आधी विद्यार्थिनी होते

चिनी भाषेत शिक्षकाला 'लाओशी' म्हणतात. यातील 'लाओ' म्हणजे वयोवृद्ध, आदरणीय. अध्यापक कितीही तरुण असला तरी तो लाओशीच. वर्गात पाऊल ठेवताच मुले उभी राहून "लाओशी हाओ" असे एका सुरात अभिवादन करतात. १९८५ पासून त्या देशात १० सप्टेंबर हा शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. आमची मुलगी नोकरीवर रुजू झाली आणि तीन आठवड्यांतच हा दिवस आला. तिच्या टेबलावर मुलांनी स्वतः बनवलेली शुभेच्छापत्रे होती. त्यावर काय लिहिले आहे हे तिला शेजारच्या शिक्षिकेकडून वाचून घ्यावे लागले.

ती शिकवते इंग्रजीतून. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजीचा फारसा उपयोग नाही. चिनी भाषेत एकच अक्षर चार निरनिराळ्या सुरांत उच्चारले की चार निरनिराळे अर्थ होतात. ग्वांगझूची स्थानिक कँटनी बोली तर आणखी वेगळी, तिचे सूरही अधिक. पहिल्या महिन्यात भाजीवाल्या आजीबाईंनी भाव सांगितला की मुलगी मोबाइलवर आकडा दाखवायला सांगे. मग तिच्या लक्षात आले की हे लोक एका हाताच्या बोटांनी एक ते दहा आकडे दाखवतात. सहा, सात, आठ या प्रत्येकासाठी बोटांची ठरावीक खूण आहे. गणिताच्या शिक्षिकेला शहराने शिकवलेला हा पहिला धडा.

दुसरा धडा संख्यावाचनाचा. आपल्याकडे लहान मूल एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस येथे हमखास अडखळते, कारण संख्या एका दशकातली असली तरी नाव पुढच्या दशकाचे. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक', बारा म्हणजे 'दहा-दोन', एकोणतीस म्हणजे 'दोन-दहा-नऊ'. संख्येची रचना तिच्या नावातच उघड असते. मुलगी म्हणाली, "पप्पा, माझ्या वर्गातल्या पोरांना दशक-एकक समजावून सांगावंच लागत नाही. ते त्यांच्या जिभेवरच असतं. मी त्यांना वेगळं काहीतरी द्यायला हवं." जो दुसऱ्याच्या गावी शिकवायला जातो त्याने त्या गावाला आधीच काय येते, हे पाहून घ्यावे लागते. ही समज तिला पहिल्याच सत्रात आली, याचे मला समाधान वाटले.

'सू' नावाचा शब्द

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

मुलगी रुजू झाली त्याच आठवड्यात सहकाऱ्यांनी नव्या शिक्षकांसाठी रात्रीचे भोजन ठेवले होते. मोठे गोल मेज, मधोमध फिरती काच, तिच्यावर पंधरा-वीस पदार्थ. जो तो आपल्या चॉपस्टिकने प्रत्येक पदार्थातून थोडे थोडे घेणार. हिने आधीच 'मी भाज्याच खाते' असे सांगितले होते, म्हणून यजमानांनी आवर्जून तीन भाज्या मागवल्या होत्या. परंतु त्यांपैकी एकीत चवीपुरता मांसाचा खिमा होता आणि उरलेल्या दोहोंत लसूण. शिवाय सूर्यास्त होऊन गेलेला. ती दोन तास नुसती बसून राहिली. कोणी रागावले नाही. पण यजमान बाईंचा चेहरा पडला. पाहुणी उपाशी उठणे त्यांच्याकडेही आपल्याइतकेच वाईट मानतात. त्या रात्री घरी येऊन ती रडली, हे तिने आम्हांला तेव्हा सांगितले नव्हते, आता सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्याच यजमान बाईंनी तिला एक शब्द शिकवला. तो शब्द 'सू'. "वो छ सू" म्हणजे मी सू खाते. 'भाज्या खाते' असे म्हटले तर चिनी माणसाला इतकेच समजते की हिला भाज्या आवडतात. 'सू' म्हटले की त्याला व्रत समजते. बौद्ध विहारांतील भोजन ते सू. त्यात मांस, मासे तर नाहीतच. शिवाय 'वू शिन' म्हणजे पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य आहेत, आणि त्यांत कांदा व लसूण दोन्ही येतात. आपल्याकडे कांदा-लसणाचा त्याग सांगताना जी कारणे दिली जातात, मनाची चंचलता वाढते वगैरे, जवळपास तीच तेथील भिक्षू सांगतात. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन तिथींना, म्हणजे त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, अनेक सर्वसामान्य घरांतील वृद्ध स्त्रिया केवळ सू जेवतात. आपल्या पाखीची आठवण व्हावी असेच हे आहे. त्या दिवशी शाकाहारी उपाहारगृहांत बसायला जागा मिळत नाही.

यजमान बाईंनी तिला सुवाच्य चिनी अक्षरांत एक कार्ड लिहून दिले. मांस नको, मासे नकोत, अंडे नको, हाडांचा रस्सा नको, कांदा-लसूण नको, जमिनीखाली वाढणारे कंद नकोत. शेवटची ओळ वाचून प्रत्येक आचारी थबकतो. सू जेवणारे चिनी लोक बटाटा, अरवी, कमळाचे कंद आणि अळिंबी आनंदाने खातात. अनंतकायाचा विचार तेथे नाही. परंतु नियम असा शब्द घेऊन आल्यावर त्याची कोणी थट्टा केली नाही. आचारी कार्ड वाचतो, मान डोलावतो आणि हिरव्या पालेभाजीची नुसती आल्याविना परतलेली ताटली पाठवून देतो. ग्वांगडोंग प्रांतात परंपरेने शेंगदाण्याचे तेल वापरतात, त्यामुळे ती चव आपल्या जिभेला परकी लागत नाही.

घरी आमचा स्वयंपाक नेहमीचाच होता. शहरात भारतीय किराणा मिळतो, तूरडाळही मिळते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे 'बीडीएन' नावाने ओळखले जाणारे वाण देशाला दिले. पुडीवरची चिनी अक्षरे न वाचताच "ही आपल्याच शिवारातली असेल," असे सौ.ने जाहीर करून टाकले आणि वरणाला फोडणी दिली.

मला विचार करायला लावले ते सोयाबीनने. या पिकाचे मूळ चीनमध्ये. तेथे शतकानुशतके त्याचे दूध काढून, जिप्समने साकळवून टोफू बनवतात. पनीरसारखी ती पांढरी वडी गरिबाच्या ताटातही असते, आणि सू जेवणाऱ्यांचा तर तो आधारच. आपल्या मराठवाड्यात गेल्या काही दशकांत कपाशीच्या बरोबरीने सोयाबीन पसरले. पण आपण ते विकतो तेलासाठी, आणि उरलेली पेंड बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. चीनमध्येही आज हाच प्रवाह मोठा आहे. तो देश वर्षाला सुमारे दहा कोटी टन सोयाबीन आयात करतो, ते मुख्यतः तेलासाठी आणि डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यासाठी. एकच दाणा सरळ माणसाच्या ताटात जाऊ शकतो किंवा हिंसेची साखळी पोसू शकतो. बदनापूरच्या बाजार समितीत सोयाबीनची पोती मी हजारदा पाहिली. ही गोष्ट मात्र ग्वांगझूच्या भाजीबाजारात टोफूच्या हातगाडीपुढे उभे असताना मनात आली.

सूर्य तोच, घड्याळही तेच

रात्रिभोजन-त्यागाचा प्रश्न उरला होता. येथे भूगोलाने अनपेक्षित मदत केली. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि चीनची १२० अंशांवर. बदनापूर आपल्या रेखांशाच्या जवळपास सात अंश पश्चिमेला आहे. ग्वांगझूही त्यांच्या रेखांशाच्या तेवढेच पश्चिमेला. अक्षांशांतही फार अंतर नाही. परिणाम असा की, जानेवारीच्या अखेरीस दोन्ही ठिकाणी घड्याळात सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. आपल्याहून अडीच तास पुढे असलेल्या त्या देशात नवकारसी आणि चौविहाराच्या वेळा मात्र थेट आपल्या घरच्याच! सौ.ने पहिल्या दिवशी जुन्या सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पच्चक्खाण घेतले, आणि ते बरोबर निघाले.

चीनमध्ये सर्वजण गरम पाणी पितात, हीदेखील आपल्याला सोयीची गोष्ट. शाळा, रेल्वे स्थानके, विमानतळ, कार्यालये, सगळीकडे उकळलेल्या पाण्याची यंत्रे असतात आणि प्रत्येकाच्या हातात थर्मास. आपल्याकडे तपश्चर्येच्या दिवसांत उकळलेल्या पाण्यासाठी प्रवासात किती यातायात करावी लागते हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे मुलीने संवत्सरीचा उपवास केला तेव्हा दिवसभर उकळलेले पाणी घेतले, आणि शाळेत कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

परंतु संध्याकाळच्या भोजनांना नेहमी नकार देत राहिले तर माणसे दुरावतात. याची वाट ग्वांगझूच्याच रिवाजातून निघाली. या शहरात सकाळचा चहा ही मोठी सामाजिक गोष्ट आहे. शनिवारी-रविवारी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे चहागृहांत जमतात, बिनदुधाच्या चहाच्या किटल्या रिकाम्या होत राहतात आणि वेताच्या छोट्या डब्यांतून वाफवलेले पदार्थ येतात. कोणी कप भरला की दोन बोटे मेजावर हलकेच टेकवून आभार मानायचे. मुलीने सहकाऱ्यांना सांगितले, "मी रात्री जेवत नाही, पण सकाळच्या चहाला मला बोलवा." आता दर पंधरा दिवसांनी, नवकारसी झाल्यावर, ती त्या मेजावर असते. आम्ही गेलो तेव्हा त्याच यजमान बाईंनी आम्हांला एका विहाराजवळच्या सू उपाहारगृहात नेले आणि सौ.च्या कपात स्वतः चहा ओतला. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. सौ.ने दोन बोटे मेजावर टेकवली. बाई खळखळून हसल्या.

या बंदरात उतरलेले भारतीय

'सू' हा शब्द या शहराच्या तोंडी कसा रुळला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा एक जुना मार्ग दिसला, आणि त्यावर आपलीच माणसे होती.

शहराच्या जुन्या भागात हुआलिन नावाचा विहार आहे. दक्षिण भारतातून समुद्रमार्गे आलेले बोधिधर्म सहाव्या शतकात येथेच प्रथम किनाऱ्याला लागले, असे परंपरा सांगते. विहाराच्या एका दालनात पाचशे 'लुओहान' बसले आहेत. हा शब्द 'अर्हत' याचे चिनी रूप आहे. मुलीने तो अर्थ सांगितल्यावर सौ. क्षणभर थांबली आणि तिने हात जोडून मनात नवकार म्हटला. त्या मूर्ती आपल्या परंपरेच्या नाहीत, हे तिला माहीत होते; पण ज्या शब्दाने आपला दिवस उजाडतो तो इतक्या दूर, दुसऱ्या उच्चारात भेटेल अशी तिची कल्पना नव्हती.

चिनी भिक्षूंनी मांस आणि मद्य पूर्णपणे सोडावे असा आग्रह धरणारा राजा म्हणजे लिआंग वंशातील सम्राट वू. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने यासाठी लेखन केले, धर्मसभा भरवल्या. याच सम्राटाच्या निमंत्रणावरून उज्जैनचे पंडित परमार्थ इ.स. ५४६ मध्ये या बंदरात उतरले. ते शिकवण्यासाठी आले होते. पुढे बंडाळी झाली, सम्राट मरण पावला आणि परमार्थ गावोगाव भटकत ग्रंथांची भाषांतरे करीत राहिले. आपली सांख्यकारिकाही त्यांनी चिनी भाषेत नेली. इ.स. ५६२ मध्ये ते परतीच्या जहाजात बसले. परंतु वारा फिरला आणि जहाज पुन्हा ग्वांगझूलाच येऊन लागले. हीच नियती समजून ते राहिले. ज्या ठिकाणी त्यांनी शेवटची वर्षे शिकवले तो ग्वांगश्याव विहार आजही आहे. इ.स. ५६९ मध्ये याच शहरात त्यांचे देहावसान झाले.

भारतातून या बंदरात केवळ धर्म आला असे मात्र नाही. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुले होते. मुंबईहून कापूस येई, आणि त्याच जहाजांतून माळव्याची अफूही येई. मुंबईतील कितीतरी पेढ्यांची भरभराट या व्यापारावर झाली. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नदीच्या मुखाशी नष्ट करवल्या आणि त्यातून युद्ध पेटले. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. जमाखर्चाच्या वहीत नफा म्हणून लिहिलेली रक्कम दुसऱ्या देशातील किती घरांत खर्ची पडली, हे ग्वांगझूत उभे राहिल्यावर समजते.

त्यानंतर शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी पाच भारतीय डॉक्टर याच शहरात उतरले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. महिनाभरातच, २१ ऑक्टोबरला, शहर जपान्यांच्या हाती गेले. तोवर पथक उत्तरेकडे निघाले होते. कोटणीसांनी पुढे युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या, आणि चिनी भाषा शिकून त्याच भाषेत वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे. ग्वांगझूतील तरुण शिक्षकांनाही त्यांचे चिनी नाव, 'क दीहुआ', माहीत आहे. आमच्या मुलीने आपले राज्य सांगितले की काही जण ते नाव घेतात.

धर्म, विष आणि औषध, तिन्ही एकाच बंदरातून आत गेले. मुलीच्या जाण्याच्या वेळी आम्ही सारे विचारीत होतो की तिला तेथे काय मिळेल, ती काय खाईल. ग्वांगझूहून परत आल्यापासून मी मुले परदेशी पाठवणाऱ्या ओळखीच्यांना दुसरेच विचारतो. तो किंवा ती सोबत काय घेऊन जात आहे?

मर्यादा आणि वाट

जाण्यापूर्वी मुलगी जालन्याला साध्वीजींच्या दर्शनाला गेली होती. श्रावकाच्या बारा व्रतांत सहावे दिशापरिमाण व्रत. दूरदेशी जाणाऱ्याला ते आड येते का, असे सौ.ने विचारले. साध्वीजींनी सांगितले की हे व्रत जाऊ नकोस असे म्हणत नाही. किती जाशील आणि कशासाठी, ते आधी ठरव असे म्हणते. मुलीने दोन नियम घेतले. रोज एक सामायिक, आणि परदेशात कोणत्याही भोजनात आपल्यासाठी वेगळी हिंसा होऊ न देणे. पहिला नियम वेळेचा आहे, तो अठ्ठेचाळीस मिनिटांत पूर्ण होतो. दुसऱ्याला दिवसातून तीनदा भाषा लागते, धीर लागतो आणि समोरच्याचा मान राखावा लागतो.

परमार्थांची गोष्ट ऐकल्यापासून सौ. अस्वस्थ होती. ग्वांगश्याव विहाराच्या आवारात जुन्या वृक्षांखाली बसलो असताना तिने विचारलेच, "तू तरी परत येशील ना गं?"

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. "मम्मी, दोन वर्षांचा करार आहे. पुढचं आत्ता खोटं कशाला सांगू?"

सौ.ने पुढे काही विचारले नाही. तिने पिशवीतून खाकरे काढले आणि सूर्य मावळायच्या आत खाऊन घ्या, असे दोघांना सांगितले.

चिनी नववर्ष या वर्षी १७ फेब्रुवारीला आले. त्याआधी तीन दिवस ग्वांगझूच्या रस्त्यांवर फुलांचा बाजार भरतो. या शहराला पुष्पनगरीच म्हणतात. युएशिऊ उद्यानात पाच बोकडांचे दगडी शिल्प आहे. पाच देवदूत पाच बोकडांवर बसून धान्याच्या लोंब्या घेऊन आले आणि या नगरात कधी दुष्काळ न पडो असा आशीर्वाद देऊन गेले, अशी दंतकथा आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या माझ्या पिढीच्या माणसाला ती कथा ऐकताना वेगळेच वाटते. आणि परतीच्या आठवड्यात रस्त्याकडेची निष्पर्ण झाडे एकदम लाल फुलांनी भरून गेली. ते झाड या शहराचे मानचिन्ह आहे. मुलगी त्याचे चिनी नाव सांगू लागली तोवर सौ. म्हणाली, "अगं, ही तर आपली काटेसावर." दुधनेच्या काठी, शेतांच्या बांधांवर फाल्गुनात फुलते तीच.

मुलामुलींना चीनमध्ये पाठवणाऱ्या कुटुंबांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. आपल्या आहारनियमांचे चिनी अक्षरांतील कार्ड निघण्यापूर्वीच तयार करून घ्यावे आणि त्यात हाडांचा रस्सा व कंद यांचा स्वतंत्र उल्लेख करावा. नुसते 'भाज्या' न म्हणता 'सू' हा शब्द शिकून जावे. व्यवहार जवळजवळ सर्व मोबाइलच्या क्यूआर कोडवर होतात, त्यासाठीची नोंदणी पहिल्याच दिवशी करावी. थोड्या नोटा मात्र जवळ असाव्यात. आणि रात्रीच्या भोजनाचे निमंत्रण नाकारताना त्याच वाक्यात सकाळच्या चहाचे निमंत्रण आपण द्यावे.

आमच्या मुलीच्या घराच्या दाराजवळ, चपला काढण्याच्या जागेवर, ते कार्ड आता चिकटवलेले आहे. त्याखाली तिने स्वतःच्या हाताने, अजून थोड्या वाकड्या चिनी अक्षरांत, आणखी एक ओळ लिहिली आहे. पाहुण्यांसाठी आहे ती : आत या, गरम पाणी तयार आहे.